खोडावर शेवया कुठून आल्या? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यातून बाहेर आलेला भुसा. कुणाची निलगिरी आहे, कुणाचं डाळिंब, एका काकांच्या मुलाच्या घराजवळचा आंबा आणि पुण्यातल्या एका ताईंचा तर नवा कोरा पलंग. म्हणून या वेळचं सगळं सदर ही भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यांनाच दिलंय. मी बरीच वर्षं हे किडे भिंगाखाली बघत आलेय आणि यांच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं याची मला खरंच खंत वाटते, त्यामुळे उत्तरं थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. चंदगड तालुक्यात आमची दीड एकर निलगिरी आहे, सात वर्षांची. एप्रिलच्या शेवटी अर्धी तोडली, व्यापारी आज येतो उद्या येतो करत राहिला, तेवढ्यात वळवाचे पाऊस झाले. आता ओंडक्यांवर बारीक भोकं दिसतात आणि त्यातून पांढरे दोरे लोंबतात, हात लावला की मोडतात. व्यापारी म्हणतो लाकूड आधीपासून किडकं होतं, भाव निम्मा करा. उभ्या झाडांना पण हे लागणार का? कुठलं औषध मारू?
— एक शेतकरी, चंदगड

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे व्यापाऱ्याचं म्हणणं बरोबर नाही आणि ते तुम्ही स्वतः तपासू शकता. एक ओंडका भोकाच्या जागी करवतीने आडवा कापा आणि बघा. भोक सालीपासून सरळ आत पांढऱ्या लाकडात गेलेलं दिसेल, आत गेल्यावर ते फांद्या फुटल्यासारखं इकडेतिकडे वळतं, आणि भोकाची भिंत जेमतेम करडी झालेली असेल. जुनं भोक असतं ना, म्हणजे झाड उभं असताना पडलेलं, तर त्याची भिंत काळी ठिक्कर असते, वरून नवीन लाकडाचा थर चढलेला असतो आणि बहुतेक वेळा आजूबाजूला निलगिरीचा तो लालसर डिंक साचलेला असतो, कारण जिवंत झाड गप्प बसत नाही, जखमेत डिंक ओततं. आणि ताजा पांढरा भुसा तर जुन्या भोकातून येतच नाही. तुमचे जे दोरे आहेत, आमच्याकडे आम्ही त्याला शेवयाच म्हणतो, त्या म्हणजे भुंगेऱ्याच्या मादीने आत पोखरताना मागे ढकललेलं ताजं लाकूड, वारा किंवा पाऊस लागला की गळून जातं. म्हणजे किडा लागला तो तोडल्यानंतर, ओंडके पडून राहिले म्हणून. फोटो काढून ठेवा, तारखेसकट, शेवया दिसतायत तोवरच.

आता हे होतं कसं ते ऐका. झाड तोडलं तरी आतल्या पेशी लगेच मरत नाहीत, ओंडका ओला असतो, हवा कमी पडते आणि त्या पेशी आंबवायला लागतात, ताडी आंबते तसंच, आणि त्यातून अल्कोहोल तयार होतं. आपल्याला त्याचा वास येईलच असं नाही पण या भुंगेऱ्यांना लांबून येतो आणि त्यांच्यासाठी तो सांगावाच असतो की इथे एक झाड आहे जे आता प्रतिकार करणार नाही. वळवाचा पाऊस, उकाडा, जमिनीवर सालीसकट रचलेली थप्पी, यापेक्षा चांगली जागा त्यांना मिळणार नाही. हे किडे राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठे आणि जिऱ्यापेक्षा लहान, तपकिरी, वरून बघितलं तर डोकं दिसतच नाही कारण ते मानेच्या टोपीखाली लपलेलं असतं.

आणि ही मादी लाकूड खात नाही. लाकूड ती नुसतं बाहेर फेकते, आत ती शेती करते. अंगावरच्या एका छोट्या पिशवीत ती बुरशीचं बियाणं घेऊन येते, बोगद्याच्या भिंतीला ते लावते, बुरशी वाढली की ती स्वतः खाते आणि पिल्लांना पण तेच. म्हणून औषधाचं काय होतं तर तुम्ही सालीवर कितीही फवारलं तरी एकदा ती आत गेली की तिच्या तोंडात औषध जातच नाही, कारण ती फवारलेलं काही खातच नाहीये. आता फवारणीवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा ओंडके जमिनीवरून उचला, खाली दोन आडवी लाकडं टाका, साल काढा, थप्पीत वारा खेळेल अशी रचना करा आणि वर काहीतरी झाका. लाकूड वाळलं की बुरशी मरते, बुरशी मेली की किड्याचं अन्न संपलं. पुढच्या वेळी व्यापारी नक्की होईपर्यंत कुऱ्हाड लावू नका, झाड उभं असताना कुठेही पळून जात नाही.

उभ्या झाडांची काळजी बहुतेक नको. धडधाकट निलगिरीला या किड्यांपैकी फार थोडे हात लावतात. पण बुंध्यात पाणी साचलेलं, वीज पडलेलं, आगीने भाजलेलं, ट्रॅक्टरने साल सोललेलं झाड असेल तर तिथे ते जातील, त्यामुळे अशी झाडं आधी काढा आणि शेतातून बाहेर न्या. भावाबद्दल एवढंच सांगते की जळण किंवा कागदाच्या पल्पसाठी टाचणीएवढ्या भोकांनी फारसा फरक पडत नाही, सेंट्रिंगच्या बल्ल्यांच्या ताकदीतही सहसा मोठा फरक पडत नाही, फळ्या कापून फर्निचरला जाणार असेल तर डाग दिसतात आणि तिथे भाव कमी होणं समजू शकतं. निम्मा भाव मात्र मला पटत नाही, आणि उशीर कुणी केला हे पण त्याला विचारा.

प्रश्न : मॅडम, मी दापोलीला वनशास्त्र शिकते. प्रोजेक्टसाठी निलगिरीतल्या भुंगेऱ्यांची विविधता हा विषय घ्यायचा विचार आहे. पण सगळे म्हणतात की एकाच जातीची लागवड आहे, तीही परदेशी झाडाची, तिथे कसली विविधता मिळणार? आणि समजा खूप जाती मिळाल्या तर ते चांगलं समजायचं की वाईट?
— एक विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : बाळा, विषय अजिबात सोडू नकोस. तुझ्या मैत्रिणींना वाटतं ते साहजिक आहे पण इथे गणित उलटं आहे आणि ते का उलटं आहे हेच तुझ्या प्रोजेक्टचं पहिलं पान होऊ शकतं.

आधी दोन गट वेगळे कर. एक सालीतले भुंगेरे, हे साल आणि लाकूड यांच्यामधला रसाळ थर खातात. दुसरे अँब्रोशिया भुंगेरे, जे लाकडात शिरून बुरशी पिकवतात. अँब्रोशिया म्हणजे ग्रीक देवांचं खाणं, आपण अमृत म्हणू, हे नाव योझेफ श्मिडबर्गर यांनी १८३६ मध्ये बोगद्यातल्या त्या पांढऱ्या थराला दिलं, तेव्हा ते नक्की काय आहे हे ठाऊक नव्हतं, ती बुरशी आहे हे थिओडोर हार्टिग यांनी १८४४ मध्ये ओळखलं. दोन्ही गट सोंडकिड्यांच्या कुळातलेच, स्कोलिटिनी उपकुळात जगभर साधारण ६००० जाती आहेत आणि प्लॅटिपोडिनी या दुसऱ्या उपकुळात साधारण १४००, म्हणजे तांदळातल्या सोंडकिड्याचेच हे लांबचे भाऊबंद.

आता मुद्दा बघ. सालीतला भुंगेरा झाडाचा स्वतःचा भाग खातो म्हणजे त्या झाडाची सगळी रसायनं, तेलं, डिंक त्याला पचवायला लागतं, म्हणून तो चोखंदळ असतो, एखाद्या कुळातल्या झाडांवरच जगतो. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाकडची, तिचे खास साथीदार तिकडेच राहिले. पण अँब्रोशियावाल्याला झाड कुठलं याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला फक्त त्याची बुरशी वाढेल असं ओलं लाकूड हवं, मग ते आंब्याचं असो नाहीतर निलगिरीचं. त्यामुळे कुठल्याही देशात निलगिरी लावली की आजूबाजूच्या रानातले, बागेतले, वखारीतले हे सगळे बुरशीवाले शेतकरी तिथे येतात. लागवड एका जातीची पण किडे शेजारच्या पूर्ण मुलुखाचे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला ब्राझीलचं वाटतं. तिथे एदमुंदो नावारो दि आंद्रादे यांनी १९०४ पासून साओ पाउलो राज्यातल्या रेल्वे कंपनीसाठी निलगिरीच्या लागवडी करून बघितल्या, इंजिनाला जळण हवं होतं म्हणून, आणि आज तिथे सत्तर लाख हेक्टरच्या वर निलगिरी आहे, सहा-सात वर्षांत तोडायला येते, बरीचशी कागदाच्या पल्पला जाते. एवढी निलगिरी म्हटल्यावर किड्यांचा अभ्यासही तिथे भरपूर झाला. पिरासिकाबाच्या लुईझ दि केइरोझ कृषी महाविद्यालयात बेर्ती फिल्यो आणि फ्लेश्टमान यांनी १९८० च्या दशकात एक साधा सापळा बनवला, अल्कोहोलची बाटली, त्याला आडव्या येणाऱ्या पट्ट्या, खाली नरसाळं आणि डबा. भुंगेरा वासाच्या दिशेने उडत येतो, पट्टीला आपटतो आणि खाली पडतो, बस. महाविद्यालयाच्या नावावरून त्याला एसाल्क-८४ म्हणतात आणि ब्राझीलमध्ये तो आजही वापरतात. पुढे फ्लेश्टमान आणि सहकाऱ्यांनी पराना राज्यात तेलेमाको बोर्बा इथे पाइन आणि निलगिरी दोन्हीमध्ये असे सापळे लावून कुठे कोण येतं याची तुलना २००१ मध्ये प्रसिद्ध केली. तो पेपर जरूर शोध.

ब्राझीलच्या निलगिरीत जे येतात त्यांची वंशावळ बघितली तर मजा वाटते. झायलेबोरस अफिनिस आणि झायलेबोरस फेरुगिनियस हे अमेरिका खंडातले, प्रेम्नोबियस कॅव्हिपेनिस हा मूळचा आफ्रिकेचा, हायपोथेनेमस इरुडिटस हा जेमतेम एक मिलिमीटरचा जीव तर गरम प्रदेशात सगळीकडेच आहे. आणि झायलोसँड्रस क्रासियुस्क्युलस हा आपल्या आशियातला, १९७४ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनात सापडला आणि नंतर ब्राझीलमध्येही पोचला. झाड ऑस्ट्रेलियाचं, किडे वेगवेगळ्या खंडांचे, आणि हे सगळे लाकडातून, पेट्यांतून, पॅलेटमधून फिरलेत. हायपोथेनेमस हे नाव कॉफीवाल्यांना ऐकल्यासारखं वाटेल, कारण कॉफीची फळं पोखरणारा हायपोथेनेमस हॅम्पी याच घरातला, तो भारतात १९९० मध्ये निलगिरी जिल्ह्यात गुडलूरला पहिल्यांदा सापडला. (आपण झाडाला निलगिरी म्हणतो ते या डोंगरांवरून, तिथे इंग्रजांनी १८४३ च्या सुमारास लागवड सुरू केली. झाडाचं आधी आणि डोंगराचं नंतर असं नाही हो, बरेच जण उलट समजतात.)

मग विविधता जास्त म्हणजे चांगलं की वाईट? माझं स्पष्ट मत, नुसत्या आकड्याने काहीच कळत नाही. सापळ्यात नेहमी असंच दिसतं की दोन-तीन जातींचे ढीगच्या ढीग आणि बाकी खूप जातींचे एकेक-दोनदोन. त्या एकट्यादुकट्या जाती बहुधा शेजारच्या रानातून आलेल्या पाहुण्या असतात आणि त्या दिसणं म्हणजे शेजारी अजून रान शिल्लक आहे, ही मला चांगली बातमी वाटते. काळजी कधी करायची तर एखादी बाहेरून आलेली जात अचानक बाकी सगळ्यांना मागे टाकून वर आली तेव्हा, किंवा सापळ्यातली एखादी जात उभ्या जिवंत खोडात पण सापडायला लागली तेव्हा. म्हणून जातींची यादी करताना प्रत्येकीपुढे संख्या, महिना आणि ती कशातून मिळाली हे लिहायलाच हवं.

आणि एक चूक करू नकोस जी मी सुरुवातीला केली होती. सापळ्यात पडतात ते उडणारे किडे, ते निलगिरीत राहतात असं त्यावरून म्हणता येत नाही. मी एक पूर्ण हंगाम नुसत्या बाटल्या मोजल्या आणि शेवटी लक्षात आलं की माझ्या यादीतल्या अर्ध्या जातींनी निलगिरीला तोंड लावलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. तेव्हा सोबत ताजे तोडलेले ओंडके ठेव, हातभर लांबीचे, काही आठवड्यांनी ते जाळीच्या पिंजऱ्यात घाल आणि बाहेर कोण येतं ते बघ. शिवाय अल्कोहोलच्या वासाला अँब्रोशियावाले धावतात पण सालीतले खूपसे येत नाहीत, त्यांना झाडाचा वास किंवा एकमेकांचा वास लागतो, म्हणजे सापळा मुळातच एका बाजूला झुकलेला आहे हे रिपोर्टमध्ये लिही.

सापळ्याला खर्च नाही. पाण्याची मोठी प्लास्टिक बाटली घे, बाजूला मोठी खिडकी काप, उलटी टांग, तळाशी म्हणजे झाकणाच्या बाजूला साबणाचं पाणी, आणि मध्ये छोट्या डबीत हँड सॅनिटायझर. घरोघरी कोरोनातलं पडलेलं असेल, फक्त लेबल वाच, एथिल अल्कोहोलचं हवं, आयसोप्रोपिलचं नको. फ्लोरिडा विद्यापीठाने शाळकरी मुलांना घरामागचे भुंगेरे गोळा करायला अशाच सॅनिटायझरच्या बाटल्या लावायला लावल्या होत्या. कोकणात पावसात बाटलीत पाणी भरतं, वर छत्रीसारखं काहीतरी लाव, आणि तीन-चार दिवसांनी गाळून घे नाहीतर नुसता लगदा मिळतो.

जाता जाता एक, कारण ही गोष्ट मी कुणालाही सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. ऑस्ट्रेलियात, निलगिरीच्या मूळ घरी, ऑस्ट्रोप्लॅटिपस इनकंपर्टस नावाचा भुंगेरा आहे. तो धडधाकट जिवंत निलगिरीत राहतो. एक आई, आणि तिच्या मुली ज्या कधी लग्न करत नाहीत, बोगदा साफ ठेवतात, राखण करतात, मधमाश्यांसारखं घर चालवतात. केंट आणि सिम्पसन यांनी हे १९९२ मध्ये दाखवलं, भुंगेऱ्यांमध्ये असं घर असतं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. एकेक बोगदा तीसपेक्षा जास्त वर्षं नांदता असू शकतो आणि झाड वाढतच राहतं. भोक दिसलं की झाड संपलं असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

प्रश्न : ताई, सांगोल्याला माझी चार एकर डाळिंब बाग आहे. गेल्या वर्षीपासून बुंध्याला बारीक छिद्रं आणि एकेक झाड पिवळं पडून वाळतंय. दुकानदार म्हणतो पिन होल बोरर. शेजाऱ्याच्या बांधावर निलगिरीची ओळ आहे, गावात लोक म्हणतात किडा तिथूनच येतो. त्याला झाडं तोडायला सांगू का?
— एक डाळिंब उत्पादक, सांगोला

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, मी अशा बागा बघितल्या आहेत आणि उभं झाड फळासकट वाळताना बघणं सोपं नाही. पण निलगिरीवरून शेजाऱ्याशी भांडण काढू नका, निदान आधी खालचं वाचा.

तुमच्या बागेतल्या किड्याला शॉट होल बोरर किंवा पिन होल बोरर म्हणतात, आपल्याकडच्या माहितीपत्रकांत झायलेबोरस फोर्निकॅटस असं नाव सापडेल, नवीन नाव युवॅलेशिया. हा परका नाही, १८६८ मध्ये श्रीलंकेतून याचं वर्णन झालं आणि तिथल्या व दक्षिण भारतातल्या चहामळ्यांना याच्या गोतावळ्याने खूप छळलंय. याच गोतावळ्यातले किडे पुढे कॅलिफोर्नियात, इस्रायलमध्ये, २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला सापडले, तिथे रस्त्यावरची मोठमोठी झाडं काढावी लागली. तो शेकडो प्रकारच्या झाडांवर जातो. म्हणजे निलगिरी तोडली तरी बोर, एरंड, बाभूळ, बांधावरचं काहीही त्याला चालेल, आणि सगळ्यात जास्त किडे कुठे तयार होत असतील तर तुमच्याच बागेत वाळून उभ्या असलेल्या डाळिंबाच्या बुंध्यात आणि छाटणी करून बांधाला टाकलेल्या जाड फांद्यांत. तिथून सुरुवात करा. वाळलेलं झाड मुळासकट काढा, बागेबाहेर नेऊन जाळा, सरपण म्हणून घरामागे रचून ठेवू नका, मोह होतो पण नका.

दुसरं, किडा आणि मर रोग हे वेगळे धरून चालणार नाही. डाळिंबाची मर बहुतेक वेळा सेराटोसिस्टिस बुरशीने होते. बुंधा आडवा कापून बघा, लाकडात तपकिरी-करडे पट्टे, तारा फुटल्यासारखे बाहेरच्या बाजूला गेलेले दिसले तर ती बुरशी. असं झाड आतून आजारी झालं की त्यातून वास सुटतो आणि बोरर येतो, म्हणजे खूपदा आपण छिद्र बघून किड्याला दोष देतो पण किडा मागाहून आलेला असतो. पण तो आल्यावर जो भुसा बाहेर टाकतो त्यात त्या रोगट लाकडाची बुरशी असू शकते आणि ती वाऱ्याने, पाण्याने पसरते. ब्राझीलमध्ये निलगिरीला हीच सेराटोसिस्टिस लागते आणि तिथे हे भुशाचं प्रकरण चांगलं माहीत आहे. म्हणून बुंध्याशी पडलेला भुसा झाडून बागेत पसरवू नका आणि पाणी एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात वाहू देऊ नका. करवत, कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना निर्जंतुक करा, हे कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही कदाचित. बहार धरायला आपण ताण देतो, म्हणजे काही काळ पाणी तोडतो. डाळिंबाला ताण लागतोच, मी नको म्हणत नाही, पण हलक्या माळरानावर जितका ताण झाड सोसतं तितका आधीच मूळ सडलेलं झाड सोसत नाही, आणि ताण तोडताना एकदम भरपूर पाणी दिलं, निचरा नसला, की मुळांना हवा मिळत नाही आणि मी वर चंदगडच्या दादांना सांगितलं तेच आंबणं जिवंत मुळांत सुरू होतं. रेंजर नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की हे अल्कोहोल किड्याला नुसतं बोलवत नाही, त्याच्या बुरशीच्या पिकाला ते मानवतं पण, आणि नको ती तणासारखी बुरशी मागे पडते. म्हणजे आंबलेलं खोड हे त्याच्यासाठी मशागत करून ठेवलेलं रान आहे. बागेतली कुठली झाडं आधी गेली ते आठवा, खोलगट भागातली? ड्रिपची नळी गळत होती तिथली? कागदावर बागेचा नकाशा काढून मेलेल्या झाडांवर फुली मारा, बऱ्याचदा उत्तर त्या फुल्यांतच दिसतं.

बुंध्याला गेरू आणि औषधाची पेस्ट लावतात ती किडा शिरायच्या आधी कामाची, आत गेल्यावर नाही. त्यात औषध कुठलं आणि किती हे मी इथे लिहीत नाही, शिफारशी आणि परवानग्या बदलत राहतात, सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुम्हाला जवळ आहे, कापलेल्या बुंध्याचा तुकडा घेऊन स्वतः जा. नुसता फोटो नको, तुकडाच न्या.

प्रश्न : आमचा मुलगा मस्कतला असतो. तो म्हणतो तिकडची आंब्याची झाडं एका किड्याने आणि बुरशीने खूप मेली. आमची हापूसची कलमं आहेत, काही धोका?
— एक काका, रत्नागिरी

उत्तर : काका, मुलगा बरोबर सांगतोय. ओमानच्या बातीना किनाऱ्यावर १९९८ च्या सुमारास आंबा अचानक वाळायला लागला आणि हजारो झाडं गेली. त्यात आंब्याच्या सालीतला भुंगेरा, हायपोक्रिफॅलस मँजिफेरी, आणि वर सांगितलेल्या सेराटोसिस्टिसचीच जवळची बुरशी, अशी जोडी होती. पाकिस्तानात आणि ब्राझीलमध्येही आंब्याला अशीच जोडी त्रास देते. तो भुंगेरा आंब्याचा जुना सोबती, आंबा आशियातून जिथे जिथे गेला तिथे तोही गेला, आणि तो चोखंदळ, आंब्यावरच राहतो.

तुम्ही एवढं करा, कलमांच्या बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर डिंक वाहतोय का बघत जा, साल काळपट ओलसर झालीय का, आणि एखादी फांदी एकदम वाळून पानं न गळता तपकिरी होऊन तशीच लटकली तर दुर्लक्ष करू नका. चाकूने साल सोलून खालचं लाकूड बघा, काळं-तपकिरी झालं असेल तर निरोगी लाकडापर्यंत मागे येऊन ती फांदी कापा आणि जाळा, आणि कृषी विद्यापीठाला कळवा. मुलगा सुट्टीत येताना तिकडून रोप, कलमकाडी, लाकडाचं काही आणणार असेल तर नको म्हणा, प्रेमाने आणलं तरी नको.

प्रश्न : महिन्यापूर्वी नवा लाकडी पलंग घेतला. पायावर आठ-दहा टाचणीएवढी भोकं आहेत, कडेने काळी. घरातल्या बाकी फर्निचरला पसरेल का? पलंग परत करू का?
— एक वाचक ताई, पुणे

उत्तर : ताई, कड काळी आहे हे लिहिलंत ते फार बरं झालं. काळी कड म्हणजे तिथे बुरशी होती, म्हणजे हे अँब्रोशिया भुंगेऱ्याचं भोक, लाकूड ओलं असताना पडलेलं. लाकूड वाळलं तेव्हाच तो विषय संपला, वाळलेल्या लाकडात त्याची बुरशी जगत नाही त्यामुळे तो परत येणार नाही आणि कपाटाला, दाराला पसरणारही नाही. रबरवुड, आंबा, निलगिरी अशा लाकडांत ही भोकं सर्रास दिसतात.

घाबरायचं ते दुसऱ्या किड्याला, ज्याला आपण घुण लागला म्हणतो. तो वाळलेलं लाकूड खातो, त्याच्या भोकाची कड स्वच्छ लाकडाच्या रंगाची असते आणि खाली मैद्यासारखी पिठी पडत राहते. तेव्हा पलंगाच्या पायांखाली काळा कागद ठेवा, भोकांवर मेण चोळून बंद करा आणि पंधरा दिवस थांबा. कागद कोरा राहिला आणि मेण तसंच असलं तर पलंग ठेवा. मेणातून नवीन भोक पडलं किंवा पिठी सांडली तर मात्र फोटो काढून त्याच दिवशी दुकानदाराला पाठवा आणि बदलून मागा.